दोन देश, दोन बहिणी

यंदा बकरी ईद जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. मुलगा ईदसाठी मुंबईहून घरी आला होता. तो लोकसंख्याशास्त्राचा अभ्यास करतो. कुर्बानीचे वाटे घरोघर पोहोचले, पाहुण्यांची ये-जा थांबली, तेव्हा दुपारी पडवीत बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि मला हाक मारली. "अम्मी, तू आयुष्यभर गणित शिकवलंस. हे दोन आलेख बघ आणि काय दिसतं ते सांग."

शेजारी खुर्चीवर माझी थोरली बहीण बसली होती. मी तिला आपा म्हणते. दर ईदला ती दोन दिवस आमच्याकडे राहायला येते. या वेळी तिच्याबरोबर तिची नातही होती. नुकतीच दहावी झालेली, ८१ टक्के मिळवलेली. पण पोरीचा चेहरा ईदचा नव्हता. त्याचं कारण पुढे सांगते. आधी ते आलेख.

आलेख म्हणजे दोन मनोरे होते. तळाशी लहान मुलं, वर चढत जावं तसं वय वाढत जाणारं, शेंड्याला म्हातारी माणसं. डाव्या बाजूला पुरुष, उजव्या बाजूला स्त्रिया. मुलाने प्रत्येक पट्टी शिक्षणाप्रमाणे रंगवली होती. कधीच शाळेत न गेलेल्यांना लाल, प्राथमिक शाळा केलेल्यांना नारिंगी, माध्यमिक केलेल्यांना निळा आणि कॉलेज केलेल्यांना जांभळा. एक मनोरा पाकिस्तानचा, दुसरा बांगलादेशचा. पहिल्या पानावर आजचं चित्र, पुढच्या पानावर २०५० सालचं, त्यापुढे शतकाच्या अखेरीपर्यंतची.

"अजून न आलेल्या सालाचं चित्र कोण काढतं?" आपाने विचारलं. "गैबाचं ज्ञान फक्त अल्लाहला आहे."

मुलगा हसला. म्हणाला, "खाला, हे भविष्य सांगणं नाही, हिशोब आहे." ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या संस्थेत आणि व्हिएन्नातल्या विटगेनस्टाइन केंद्रात वोल्फगांग लुट्झ आणि नेपाळचे समीर केसी यांच्यासारखे अभ्यासक हा हिशोब करतात. त्यांच्या २०१४ सालच्या मोठ्या ग्रंथात १९५ देशांचे असे अंदाज आहेत. पूर्वी लोकसंख्येचा अंदाज करताना फक्त वय आणि स्त्री की पुरुष एवढंच पाहत. यांनी त्यात तिसरी गोष्ट घातली, शिक्षण. माणूस किती शिकला हे कळलं की तो किती जगेल, त्याला किती मुलं होतील, ती मुलं जगतील का, यांचा अंदाज जास्त नेमका येतो. त्यातही स्त्री किती शिकली याचा परिणाम सर्वांत मोठा.

मी ते दोन मनोरे बराच वेळ पाहत राहिले. २०५० च्या पानावर दोन्हीकडे लाल रंग कमी झालेला होता. पण बांगलादेशच्या बाजूला लाल वरच्या वयांत सरकला होता, तरुण बायकांमध्ये निळा आणि जांभळा भरला होता. पाकिस्तानच्या बाजूला तरुण वयातही लाल पट्टी उरलेली होती. आणखी एक फरक होता. बांगलादेशचा मनोरा तळाशी अरुंद झाला होता, पाकिस्तानचा अजून रुंदच होता.

आता आमच्या घरातली गोष्ट. आपाचा मुलगा, माझा भाचा, कुवेतला नोकरी करतो. ईदच्या नमाजनंतर त्याचा फोन आला होता. मुबारकबाद झाली आणि मग त्याने सांगितलं की लेकीला अकरावीला घालायचं नाही. गावातली शाळा दहावीपर्यंत. अकरावीसाठी तालुक्याला जावं लागतं. पास मोफत मिळतो, पैशाची अडचण नाही. पण कॉलेज सुटतं आणि परतीची गाडी सुटते यांत दोन तासांचं अंतर पडतं. पोर घरी येईपर्यंत अंधार. वर एक स्थळही चालून आलं आहे, मुलगा दुबईत आहे. आत्ता मंगनी करून ठेवू, अठरा पूर्ण झाली की निकाह. "दहावी झाली ना खाला, आपल्या घरात मुलींना एवढं पुष्कळ आहे," तो मला म्हणाला. मी काही बोलले नाही. मुलगी त्याची. मी फक्त खाला.

म्हणून मुलाने आलेख उघडले तेव्हा मला ते दूरच्या देशांचे वाटलेच नाहीत.

हे दोन देश निवडायला कारण आहे. १९४७ पासून १९७१ पर्यंत, २४ वर्षं, हा एकच देश होता. एक झेंडा, एक सरकार. दोन्हीकडे बहुसंख्य लोक मुसलमान. १९६१ च्या जनगणनेत तर पूर्वेकडची लोकसंख्या पश्चिमेपेक्षा जास्त होती. देश फुटला त्या सुमाराला दोन्हीकडे शंभर बायकांत वाचता येणाऱ्या दहा-पंधराच होत्या आणि एकेका बाईला सरासरी सहा-सात मुलं होत होती. पूर्वेकडच्या वाट्याला तर चक्रीवादळ, युद्ध आणि पाठोपाठ १९७४ चा दुष्काळ आला. त्या वेळी कोणी विचारलं असतं की पन्नास वर्षांनी यांतल्या कोणत्या देशातल्या मुली पुढे असतील, तर बहुतेकांनी बांगलादेशचं नाव घेतलं नसतं.

आज काय दिसतं? बांगलादेशच्या २०२२ च्या जनगणनेत साक्षर स्त्रिया सुमारे ७३ टक्के, पुरुष ७७ च्या आसपास. पाकिस्तानच्या २०२३ च्या जनगणनेत साक्षर स्त्रिया सुमारे ५३ टक्के आणि पुरुष ६८. साक्षरता मोजण्याचं वय दोन्हीकडे थोडं वेगळं आहे, म्हणून एकेका टक्क्यावर वाद घालू नये. पण वीस टक्क्यांचं अंतर वयाच्या फरकाने भरून निघत नाही. शिवाय एकीकडे स्त्री-पुरुषांतलं अंतर चारएक टक्क्यांचं आहे, दुसरीकडे पंधराचं. पाकिस्तानात आज अडीच कोटींहून अधिक मुलं शाळेबाहेर आहेत आणि त्यांत मुली जास्त आहेत. पाच ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळेल, असं कलम २०१० साली त्यांच्या राज्यघटनेत आलं. तरीही.

मी शाळेत असताना एक सहकारी शिक्षक मला सहज म्हणाले होते, "तुमच्या समाजात मुलींना शिकवत नाहीत, तुमच्या धर्मातच ते नाही." मी तेव्हा त्यांना सांगितलं की आमच्या धर्मात पहिला हुकूमच वाचण्याचा आहे आणि इल्म मिळवणं हे पुरुषाइतकंच बाईवरही फर्ज आहे. त्यांना ते पटलं नसावं. आज मी त्यांच्यासमोर हे दोन मनोरे ठेवले असते. धर्म एकच, २४ वर्षं राज्यही एकच. मग एवढा फरक कशाने पडला? धर्माने पडला असता तर दोन्ही मनोरे सारखे दिसले असते.

पण हाच प्रश्न उलटून आपल्याकडेही येतो. धर्माने अडवलं नाही, तर अडवलं कोणी? आपल्यातलेही काहीजण मुलीची शाळा बंद करताना धर्माचं नाव पुढे करतात. हे मनोरे त्यांनाही साथ देत नाहीत.

बांगलादेशात काय झालं ते मुलाने सांगितलं, थोडं मी नंतर वाचलं. तिथे मुलींच्या शाळेची आठवण जुनी आहे. रोकेया सखावत हुसेन यांनी १९११ साली कोलकात्यात मुसलमान मुलींची शाळा सुरू केली आणि घरोघर जाऊन मुली गोळा केल्या. त्यांचं नाव आजही तिथे आदराने घेतात. पण नुसत्या आठवणीने मुली शिकत नाहीत. १९७२ मध्ये फझले हसन आबेद यांनी ब्रॅक ही संस्था काढली. १९८५ पासून ब्रॅकने खेडोपाडी एका खोलीच्या शाळा सुरू केल्या. खोली गावातलीच, शिक्षिका बहुधा गावातलीच एखादी शिकलेली सून किंवा लेक, आणि वेळ घरच्या कामांना सांभाळून ठरवलेली. त्या शाळांत मुलींची संख्या मुद्दाम जास्त ठेवली.

मग १९९४ पासून सरकारने सगळ्या ग्रामीण भागात सहावी ते दहावीच्या मुलींची फी माफ केली आणि त्यांना विद्यावेतन देऊ केलं. अटी तीन होत्या. हजेरी ७५ टक्के हवी, परीक्षेत ठरावीक गुण हवेत, आणि दहावी होईपर्यंत लग्न करायचं नाही. रक्कम मोठी नव्हती. पण ज्या बापाच्या मनात लेकीला शिकवायचं होतं आणि भावकीपुढे बोलायची हिंमत नव्हती, त्याला सांगायला एक कारण मिळालं. काही वर्षांतच माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली. शिवाय कपड्यांचे कारखाने आले. तिथे मोजमाप करता येणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या मुलींना काम मिळत होतं. अशा कारखान्यांजवळच्या गावांत मुली जास्त वर्षं शाळेत राहतात आणि त्यांची लग्नं उशिरा होतात, असं अभ्यासकांना आढळलं आहे.

पाकिस्तानात काहीच झालं नाही, असंही नाही. आमच्या अब्बांची एक मावसबहीण फाळणीनंतर कराचीला गेली. तिच्या नाती तिथे डॉक्टर आणि शिक्षिका आहेत. सरासरीच्या आकड्यात त्या दिसत नाहीत. कराचीतली मुलगी आणि बलुचिस्तानातल्या वस्तीवरची मुलगी या जणू दोन वेगळ्या देशांत राहतात. पंजाब प्रांताने २००४ पासून मागासलेल्या जिल्ह्यांत सहावी ते आठवीच्या मुलींना विद्यावेतन दिलं आणि तिथे हजेरी वाढली. अडचण आहे ती अंतराची आणि शिक्षिकांची. शाळा जवळ नसली किंवा तिथे बाई शिकवायला नसली की वयात आलेल्या मुलीला घरी बसवतात.

तिथल्याच ग्रामीण पंजाबातलं एक संशोधन मला फार आवडलं. ज्या गावांत सरकारने मुलींची माध्यमिक शाळा काढली होती, त्या गावांत पुढे खासगी शाळा कितीतरी जास्त प्रमाणात निघाल्या. कारण साधं होतं. पहिल्या शाळेत शिकलेल्या मुली मोठ्या झाल्या आणि गावातच शिक्षिका मिळाल्या. जिथे ती पहिली शाळा नव्हती, तिथे पुढे शिकवायलाही कोणी नव्हतं.

हे ऐकताना मी आपाकडे पाहिलं. ती खिडकीतून खाडीकडे बघत होती.

आमचं गाव खाडीच्या काठाला आहे. आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. १९६७ साली ती सातवीची फायनल पास झाली, केंद्रात पहिली आली. गावातली शाळा तिथेच संपत होती. हायस्कूल खाडीपलीकडे, तरीतून जायचं आणि मग तीन मैल चालायचं. पावसाळ्यात तर कधी चाले, कधी बंद. त्या वर्षी गावातली चार मुलं पलीकडे गेली. मुलगी एकही गेली नाही. अब्बांनी आपाला सांगितलं, "बाळ, आता घरातलं शीक." ते वाईट माणूस नव्हते. रात्री कंदिलाजवळ बसून तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत. पण तरीत बसवून तिला पाठवायचा धीर त्यांना झाला नाही.

१९७० मध्ये आमच्याच काठाला हायस्कूल निघालं. १९७१ च्या जूनमध्ये मी आठवीत गेले. त्याच डिसेंबरात रेडिओवर बांगलादेशच्या बातम्या ऐकल्याचं मला आठवतं. मला आपाची कंपासपेटी मिळाली. ती तिला फायनलच्या बक्षिसात मिळाली होती आणि तिने एकदाही वापरली नव्हती. मी आनंदाने घेतली. सकाळी विहिरीवरून पाणी आणायची पाळी माझी असे. मी आठवीत गेल्यापासून तीही आपानेच घेतली. पुढच्या वर्षी तिचा निकाह झाला. मी अकरावी मॅट्रिक झाले, कॉलेज केलं, बी.एड. केलं, तेहतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं.

अब्बा तेच, घर तेच, नमाज-रोजा तोच. आमच्या दोघींत फरक होता तो एका खाडीचा आणि तीन वर्षांचा. शाळा तीन वर्षं आधी निघाली असती तर आपा माझ्यापुढे गेली असती, कारण ती माझ्यापेक्षा हुशार आहे. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्या दुपारी मी मुलाला म्हटलं, "हा हिशोब कसा करतात ते मला कागदावर करून बघू दे." त्याने आकड्यांचा ढीग पुढे केला. मी म्हटलं, तो राहू दे. आणि आपाला समजेल असा एक सोपा, मनाने घेतलेला नमुना मांडला.

एक गाव घेऊ. तिथल्या २५ ते ६४ वर्षांच्या बायकांचे दहा-दहा वर्षांचे चार गट करू. सोप्या हिशोबासाठी प्रत्येक गटात १०० बायका. सर्वांत तरुण गटात दहावी झालेल्या ६०, त्यावरच्यात ४०, मग २०, आणि सर्वांत मोठ्या वयाच्या गटात १०. सरासरी झाली साडेबत्तीस. आता दहा वर्षं जाऊ द्या. वरचा गट बाहेर पडला, प्रत्येक गट एक पायरी वर चढला, खालून नवा गट आला. गावाने प्रयत्न चालू ठेवला आणि नव्या गटात ७० मुली दहावी झाल्या, तर सरासरी होते साडेसत्तेचाळीस. आणि गाव म्हणालं, झालं एवढं पुरे, आणि नवा गटही ६० वरच राहिला, तर सरासरी होते ४५. फरक किती? अडीच. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पण हेच चाळीस वर्षं चालू द्या. दर दहा वर्षांनी दहा-दहा मुली वाढवणारं गाव ८५ वर जातं. थांबलेलं गाव ६० वर अडकतं. अडीचचा फरक पंचवीसचा होतो.

म्हणजे मुलीची शाळा बंद केली तर त्याच दिवशी काही बिघडलेलं दिसत नाही. घर तसंच चालतं, सण तसेच होतात. उलट काही काळ बरंच वाटतं, आधीच शिकलेल्या पिढीच्या जिवावर सरासरी वाढतच राहते. नुकसान कळतं तेव्हा ती मुलगी चाळिशी-पन्नाशीत असते आणि मग ते भरून काढता येत नाही. कारण बहुतेक बायकांचं शिक्षण पंचविशीच्या आत जिथे थांबतं तिथेच राहतं. तोच रंग घेऊन ती मनोऱ्यात वर वर चढत जाते. आज दहा वर्षांची असलेली मुलगी २०५० साली ३५ ची असेल, २०७५ साली ६० ची. म्हणून २०७५ च्या चित्रातला साठीचा रंग आजच्या चौथी-पाचवीच्या वर्गात ठरतो आहे. व्हिएन्नाचे अभ्यासक एवढ्या लांबचं सांगू शकतात ते याच कारणाने.

ते एकच चित्र काढत नाहीत. शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण आज आहे तेवढंच राहिलं तर काय होईल, इतर देशांची झाली तशी नेहमीच्या चालीने वाढ झाली तर काय होईल, आणि दक्षिण कोरियाने केली तशी झपाट्याने वाढ केली तर काय होईल, अशी वेगवेगळी चित्रं ते मांडतात. सत्तर वर्षांपूर्वी कोरियातल्या बहुतेक बायका प्राथमिकच्या पुढे गेलेल्या नव्हत्या. आज तिथल्या तरुण मुलींमध्ये माध्यमिक न झालेली शोधावी लागते. पाकिस्तानसाठी या चित्रांत अंतर फार मोठं पडतं, कारण तिथे अजून बरंच ठरायचं बाकी आहे.

मनोऱ्याच्या तळाचंही असंच आहे. बांगलादेशात आता एका बाईला सरासरी दोन-सव्वादोन मुलं होतात. पाकिस्तानात २०१७-१८ च्या पाहणीत हा आकडा ३.६ होता. म्हणून १९७१ च्या आधी कमी लोकसंख्या असलेला पाकिस्तान आज २४ कोटींवर आहे आणि बांगलादेश १७ कोटींच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे २०५० साली पाकिस्तान सुमारे ३७ कोटींवर जाईल आणि बांगलादेश सुमारे २० कोटींवर. एका देशाला दरवर्षी नव्या शाळा बांधाव्या लागतात त्या आहे तिथेच राहण्यासाठी. दुसऱ्या देशाला त्याच पैशांत आहेत त्या शाळा सुधारता येतात. शिकलेल्या आईमुळे पुढच्या वर्गाची गर्दी कमी होते आणि कमी गर्दीत मुलगी शिकणं सोपं जातं. मुली शाळेत गेल्या नाहीत तर हेच चक्र उलटं फिरतं.

आपा सगळं ऐकत होती. मग तिने एक प्रश्न विचारला आणि मुलगाही थबकला. "बांगलादेशातल्या मुली शिकल्या म्हणतोस. मग त्यांची लग्नं तरी वेळेवर होतात का?"

उत्तर सोपं नव्हतं. २०१९ च्या पाहणीत बांगलादेशात २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी ५१ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पाकिस्तानच्या २०१७-१८ च्या पाहणीत हे प्रमाण १८ टक्के होतं. म्हणजे या बाबतीत मागे आहे तो बांगलादेश. शाळेत मुलगी पोहोचली, पण शाळा सुटली की लगेच बोहल्यावर. मनोऱ्यातला रंग ती किती शिकली एवढंच सांगतो. शिकून तिने काय केलं, तिला काय करू दिलं, हे सांगायला त्यात रंग नाही.

"म्हणजे दहावीपर्यंत न्यायचं आणि मग दार लावायचं," आपा म्हणाली. कोणीच काही बोललं नाही. नात आत पाणी आणायला गेली, पण दारामागे थांबली होती. तिच्या ओढणीचा पदर मला दिसत होता.

मग आपाने मुलाला विचारलं, "या चित्रात मी कुठे आहे?"

त्याने आपल्या देशाचा मनोरा उघडला आणि वरच्या टोकाजवळ बोट ठेवलं. सत्तर ते चौऱ्याहत्तर. "ही पट्टी, खाला. यातला नारिंगी भाग."

"आणि तुझी अम्मी?"

"एक पट्टी खाली. जांभळ्यात."

आपाने दोन्ही पट्ट्या पाहिल्या. जांभळा भाग अगदी बारीक होता. "आणि ही?" तिने दाराकडे मान वळवून विचारलं. मुलगा खाली आला, पंधरा ते एकोणीस. "हिचा रंग अजून ठरलेला नाही, खाला."

मी तेव्हा आपाला ते वाक्य सांगितलं, जे ५४ वर्षं सांगितलं नव्हतं. की शाळा आधी निघाली असती तर ती माझ्यापुढे गेली असती. की तिच्या कंपासपेटीने मी भूमिती शिकले आणि तिने भरलेल्या पाण्यावर माझा अभ्यास झाला. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे की नाही, तेवढंच मला माहीत नव्हतं."

इशाच्या नमाजनंतर तिने स्वतः मुलाला कुवेतला फोन लावायला सांगितला. मला वाटलं ती रागावेल. ती रागावली नाही. म्हणाली, "बाळ, माझा बाप वाईट नव्हता आणि तूही नाहीस. त्या वेळी खाडी आडवी आली. आता खाडीवर पूल झाला आहे. परतीच्या गाडीचं काय करायचं ते आम्ही इथे बघतो. मंगनीचं दोन वर्षांनी बघ. चांगलं स्थळ असेल तर थांबेल." पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "अम्मी, रात्री ती घरी पोहोचली की रोज मला मेसेज करायचा." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी आणि आपा गावात चार घरं फिरलो. दहावी झालेल्या आणखी पाच मुली निघाल्या, तीन आपल्या मोहल्ल्यातल्या, दोन खालच्या वाडीतल्या. त्यांतल्या तिघींच्या घरीही हाच विचार चालला होता आणि कारणही हेच, परतीची गाडी. गावातल्या एका सहा आसनी रिक्षावाल्याशी बोललो. माणूस माहितीतला, त्याची स्वतःची मुलगी आठवीत आहे. महिन्याचं भाडं सहा घरांत वाटलं तेव्हा कोणालाच जड वाटलं नाही. सगळ्या मुलींचे फॉर्म त्या आठवड्यात भरले. दोघींनी शास्त्र शाखा घेतली आहे. आपाची नात त्यांतली एक.

पुढे काय होईल ते अल्लाहलाच माहीत. बारावीनंतर हाच वाद पुन्हा उभा राहील हे मी धरून चालले आहे. पण दोन वर्षं मिळाली आहेत.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, बांगलादेश चांगला आणि पाकिस्तान वाईट, असं सांगायला मी हे लिहिलं नाही. दोन्हीकडे शिकवू पाहणारे आईबाप आहेत आणि दोन्हीकडे थकलेले आईबाप आहेत. एकीकडे त्यांना शाळा जवळ मिळाली, बाई शिकवायला मिळाली, थोडा पैसा आणि लोकांना सांगायला एक कारण मिळालं. दुसरीकडे ते पुष्कळांना मिळालं नाही. पन्नास वर्षांनी त्याचे दोन मनोरे झाले. सरकारने करायचं ते सरकारकडून मागून घ्यावंच. पण मधल्या काळात परतीच्या गाडीची सोय, शेजारच्या घराशी एक बोलणं, परदेशातल्या मुलाला एक फोन, हे आपल्या हातात आहे. आपल्या मोहल्ल्यात यंदा दहावी झालेल्या मुली किती आणि त्यांतल्या अकरावीला किती गेल्या, एवढं मोजून बघा. जी गेली नाही तिच्या घरी कोणती खाडी आडवी आली, ते विचारा.

कंपासपेटी माझ्याकडे अजून होती. पत्रा गंजला आहे, कोनमापकावरचे आकडे पुसट झाले आहेत. फॉर्म भरून आलो त्या संध्याकाळी मी ती आपाच्या नातीला दिली. ती म्हणाली, "दादी, आता दुकानात नवी मिळते." आपा म्हणाली, "नवीही घे. ही पण ठेव."